लेंडीखत, पाच डॉलर गोणी

आमच्या क्लबचं भांडवल म्हणजे
मॅकाफीच्या कातरणी-शेडखाली साचलेली
तीस वर्षांची लेंडी.
वर फळ्या, फळ्यांवर मेंढ्या,
मेंढ्यांवर लोकर, आणि लोकरीचा भाव पडलेला.
खाली मात्र अजून सोनं आहे, असं डेस्मंड म्हणतो
आणि खुरपं घेऊन कोपरांवर रांगत आत शिरतो.
वय एकोणऐंशी.

बाहेरून दिसतात फक्त त्याचे गमबूट.
ते हलत असले की आमच्या गप्पा चालू.
थांबले, की नोएलीन वाकून हाक मारते, "डेस?"
आणि आतून शिवी येते.
शिवीला दंड पन्नास सेंट. मी टिपून ठेवतो.

मी खजिनदार. सतरा वर्षं.
हे पद दुसऱ्या कुणी मागितलं नाही.
वहीत सगळं आहे :
शनिवारी हार्डवेअरच्या दुकानासमोर
पावात गुंडाळून विकलेले सॉसेज, कांदा फुकट;
शाळेच्या तलावाला निळ्या रंगाचे दोन हात,
तिसऱ्याला पैसे पुरले नाहीत
म्हणून खोल बाजूला अजून सिमेंट दिसतं;
बसथांब्याचं छप्पर,
जे दक्षिणेच्या वाऱ्याने उचलून पुलापलीकडे नेलं,
आणि ते परत आणायला लागलेलं डिझेल.

हेमी पराटा हॉस्पिटलला किती जणांना घेऊन गेला
ते मात्र वहीत नाही.
जाऊन-येऊन एकशेऐंशी किलोमीटर.
पावती मागितली की म्हणतो,
मला तिकडे जायचंच होतं.
तिकडे त्याचं कुणी नाही.

एकेकाळी आम्ही बेचाळीस होतो,
भिंतीवरच्या फोटोत मावलो नाही, दोघं अर्धेच आलेत.
आता अकरा.
त्यातल्या तिघांना डॉक्टरांनी वजन उचलायची मनाई केलीय.
तिघंही उचलतात.

आयल्सा रटलेज दरसाल दहा गोण्या घेते.
गेटपाशी ठेवायच्या, हॉर्न द्यायचा, निघायचं.
यंदा तिचा हात प्लास्टरमध्ये,
म्हणून म्हटलं, मागच्या अंगणात नेऊन देऊ.
हेमी ट्रकमधून उतरला नाही.
रेडिओवर कसलीशी मॅच होती म्हणे.

मागे बाग नव्हतीच.
सलग काँक्रीट, कपड्यांची दोरी,
आणि कुंपणाला टेकून पाच रांगा.
सुतळीला माझ्याच गाठी.
सगळ्यात जुनी गोणी उसवलेली,
तिच्यातून क्लोव्हर उगवून फुलावर आलेलं.

मी बघत राहिलो.
ती म्हणाली, "एकेचाळीस फेऱ्या.
माझ्या नवऱ्याच्या.
हेमीने पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत.
फेरीला तीस डॉलर धरलेत मी. कमी होतात का?"

खजिनदाराला हिशेब करायला कागद लागत नाही.
बाराशेतीस. यंदाचे धरून फिटले तीनशे.
उरली एकोणीस वर्षं,
शेवटच्या वर्षी फक्त सहा गोण्या.
ती ब्याऐंशीची आहे.

डेस्मंडने घसा खाकरला.
"परत नेऊ का? पुन्हा विकता येतील."
"मी विकत घेतल्यात त्या," आयल्सा म्हणाली.
त्याला दंड करायचा राहून गेला.

मग आम्ही यंदाच्या दहा गोण्या
सहाव्या रांगेत रचल्या,
तोंडं भिंतीकडे, तिने सांगितलं तशी.
तिने डाव्या हाताने नोट दिली
आणि पावती मागितली.

ट्रकमध्ये हेमीने रेडिओ बारीक केला.
"एवढा वेळ?"
"पावती लिहीत होतो."
त्याने गाडी सुरू केली.
मॅच नव्हतीच. हवामान सांगत होते.